साहेबाच्या वस्तऱ्याची तारीख

१

पोलाद कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य अंजना वाघमारे यांनी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तेहेतीस वर्षं शिकवलं आणि पोरांनी ते तेहेतीस वर्षं वहीत उतरवून घेतलं. खरं तर पोलादाला बोलायचं काही कारणच नसतं. बोलतात ती त्याच्यावर शिक्के मारणारी माणसं, आणि ती जन्मभर दुसरं काही करत नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाईंनी विश्रामबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये जुन्या वस्तऱ्यांच्या तारखा काढायचा उद्योग सुरू केला. लोक या वयात सोसायटीचं राजकारण करतात. त्या मानाने हे निरुपद्रवी. मी त्याच कॉलेजात संभाषणकौशल्य शिकवतो, म्हणजे मुलांना इंग्रजीत गप्प बसायला शिकवतो. माझ्याकडे गाडी आहे आणि बाईंना चालवता येत नाही. आमची मैत्री एवढ्यावर टिकून आहे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात उत्कर्षा काशीद नावाची मुलगी बाईंकडे आली. ती इथेच हॉस्टेलवर राहून शिकत होती, घर वाईला. घराण्याचं सलून घाटाजवळ, चौथी पिढी. तिच्या हातात शिसवी लाकडाची लांबट पेटी होती, आणि पेटीत एक वस्तरा.

"वाईत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरतंय," ती म्हणाली. "त्यांना तज्ज्ञांचं पत्र पाहिजे. आमच्या खापरपणजोबांना साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंट साहेबानं दिलेला वस्तरा आहे हा. अठराशे चव्वेचाळीस."

बाईंनी पातं उघडलं, नखाने टिचकी मारली. पातं बारीक आवाजात वाजलं. त्यांनी भिंगातून पात्याची मान पाहिली. मग सुई तापवून काळ्या मुठीला आतल्या बाजूने हलकेच टेकवली आणि मला म्हणाल्या, "वास घ्या."

"आरतीचा वास येतोय."

"कापूर. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. शिंग असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता." त्या उत्कर्षाकडे वळल्या. "बाळ, चव्वेचाळीस सालचं पातं पाचरीसारखं जाड असतं, वाजत नाही. हे पोटात खोल घासलंय. आणि मानेवर जर्मनी लिहिलंय. अमेरिकेने अठराशे नव्वदच्या आसपास कायदा केला, की बाहेरच्या मालावर देशाचं नाव पाहिजे. तेव्हापासून वस्तऱ्यांना देश मिळाले. हा शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे. साहेबाचा नाही."

उत्कर्षाने तिथल्या तिथे आईला फोन लावला. फोन उचलला आजीने. आणि पोरीने, शिकलेल्या माणसांना असते तशी खरं सांगायची घाई होऊन, सगळं सांगून टाकलं.



"म्हंजे बदलला कुणीतरी," मनुबाई काशीद म्हणाल्या. "पेटीची किल्ली तुझ्या आईकडं असती."

उत्कर्षाची आई रेश्मा. नवरा अमृत एकवीस सालच्या मे महिन्यात कोविडने गेला, तेव्हापासून दुकान तीच चालवत होती. त्या संध्याकाळी मनुबाईंनी सुनेच्या हातून दुकानाच्या शटरची चावी काढून घेतली आणि साहेबाचा वस्तरा परत येईपर्यंत ती मिळणार नाही असं सांगितलं.

उत्कर्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, डोळे सुजवून. "बाई, तुम्ही तारीख काढली. आता चोर पण काढा."

२

वाईला पोचलो तेव्हा सलूनचं शटर बंद होतं. सोमवार नव्हता, म्हणून ते जास्तच बंद दिसत होतं. बाहेरच्या बाकावर दोन गिऱ्हाइकं अर्धवट आशेने बसली होती.

दुकानामागेच घर. मनुबाई पंचाहत्तरीच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू, कनवटीला चावी. ती त्या बोलताना मधूनमधून चाचपत होत्या.

"बायकामाणसानं पुरुषांच्या दाढ्या कराव्या, तेबी मी गिळलं," त्या म्हणाल्या. "लोकं लय बोलली. मी म्हटलं, करू दे. पर पूजेची वस्तू इकायची? तिला हाताला धरून इथं आणली हुती मी."

"विकली हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"आवं, मग ग्येली कुठं? पाय फुटलं व्हय?"

रेश्मा दाराशी उभी होती. चाळिशी ओलांडलेली, हात कोपरापर्यंत स्वच्छ, नखं अगदी बारीक कापलेली. गिऱ्हाइकं तिच्याकडे आधी दयेने आली, मग गंमत म्हणून, आणि तिसऱ्यांदा आली ती हात हलका म्हणून, असं मला बाकावरच्या माणसाने नंतर सांगितलं.

"पेटीची किल्ली तुमच्याकडेच असते?"

"माझ्याकडंच."

"दुसरं कोण उघडतं?"

"खंडेनवमीला मामा उघडतात. हत्यारांची पूजा असती. बाकी कोण न्हाई."

मामा म्हणजे सासरे. गुंडाप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, बारीक, ताठ. ज्या माणसाने साठ वर्षं अख्ख्या वाईच्या हनुवट्या तुकतुकीत ठेवल्या त्याच्या स्वतःच्या छातीपर्यंत पांढरी दाढी उतरली होती.

"दाढी ठेवलीत," मी म्हणालो. संभाषणकौशल्य.

"हात कापतो," ते म्हणाले.

त्यांच्या पुढ्यातला चहा त्यांनी उचलला. बशीत थेंब सांडला नाही. बाईंनी ते पाहिलं. मी पाहिलं ते बाईंनी पाहिल्याचं.

"आणि पोरगं ग्येल्यापास्नं आरशात बगत न्हाईत," मनुबाईंनी नवऱ्याच्या वतीने सांगितलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, त्या वक्ताला लोकांच्या पोरांना पिशवीत बांधून न्हेलं. कुणी हात लावला न्हाई. माझ्या लेकाचं तसं न्हाई झालं. ह्यांना ते पांढरं सोंग चढवून आत सोडलं. ह्यांनी सोताच्या हातानं त्याची दाढी केली, तोंड पुसलं. दुसऱ्या दिशी ग्येला. पर बापाच्या हातानं नीटनेटका हून ग्येला. तेवढ्यावर मी जगली."

रेश्मा दारातून आत निघून गेली.

"कोणत्या वस्तऱ्याने?" बाईंनी विचारलं. मला तो प्रश्न क्रूर वाटला.

"कोणत्या म्हंजे? ह्यांच्या रोजच्या."

"तो कुठे असतो?"

"असंल दुकानात."

बाईंनी चावी मागितली. मनुबाईंनी ती दिली नाही, स्वतः येऊन शटर उघडून दिलं. दुकानात आता सगळे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे होते, गिऱ्हाईक बदललं की पातं बदलायचं. एका खणात गुंडाप्पांची जुनी हत्यारं तेल लावून फडक्यात गुंडाळलेली: चार वस्तरे, एक सहाण, चामड्याचा पट्टा. बाईंनी चारही वस्तरे उघडले, पात्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवले.

आम्ही निघताना रेश्मा गाडीपाशी आली.

"बाई, मीच घेतला असं लिहून टाका," ती म्हणाली. "म्हंजे मिटलं."

"घेतलात?"

"लिहा की. मी सही करते."

३

न केलेल्या चोरीवर सही करायला माणूस तयार होतो तेव्हा तो कुणाला तरी झाकत असतो. हे कळायला वस्तऱ्यातलं काही कळावं लागत नाही. कुणाला, एवढंच राहिलं होतं.

पहिला संशय प्रशांतवर. मनुबाईंच्या बहिणीचा मुलगा, पंधरा वर्षं याच दुकानात होता. एकवीस सालीच बाहेर पडला आणि साताऱ्यात स्वतःचं एसी सलून काढलं. आम्ही गेलो तेव्हा तो एका पैलवानाच्या भुवया कोरत होता.

"आवं मॅडम, दुकानातनं मी एक खुर्ची न्हेली, ती बी मावशीला सांगून," तो म्हणाला. "तिचं हायड्रॉलिक फुटलंय. शाप लागला म्हणा."

बाईंनी पेटीतला वस्तरा त्याच्यासमोर धरला. प्रशांतने तो हातात घेतला, आपण होऊन टोकावर अंगठा टेकवला आणि हसला.

"हा तर आप्पांच्या, म्हंजे मावशीच्या मालकांच्या हातातला हाय."

"कशावरून?"

"टोक बघा की. गोल हाय. नवा वस्तरा असा येतो व्हय? चौऱ्याहत्तर साली जावळ करताना एका ल्हान पोराच्या कानाला ह्यांच्याकडनं टोक लागलं. लय काय न्हाई, थेंबभर रगात. पोर पुढं पलटणीत ग्येलं, सुभेदार झालं. पर आप्पांनी त्या दिशी घरातल्या सगळ्या वस्तऱ्यांची टोकं सहाणेवर गोल केली. आमालाबी तसंच करायला लावायचे. पूजेचा तेवढा सोडला. त्यो साहेबाचा, त्याला हात लावायचा न्हाई."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली.

"हा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"ब्लेडचे वस्तरे आल्यावर गिऱ्हाइकाला न्हाई लावला कधी. पर सोमवारी दुकान बंद असतंय, तवा आप्पा अमृतची दाढी करायचे. पोराच्या पयल्या मिसरुडापास्नं. बायको आली, पोरगी झाली, तरी सोमवारी त्यो खुर्चीत आन् ह्ये मागं. आमी चिडवायचो, 'गड्या, लगीन झालं की रं तुझं.' आन् त्याची झाली की मग सोताची." तो थांबला. पैलवानाने एक भुवई कोरायची राहिल्याची आठवण करून दिली, तेव्हा त्याने नाक ओढलं आणि कामाला लागला.

दुसरा संशय फलटणच्या ऋषिराजवर. याच्याकडे उसाची जमीन आणि त्रेचाळीस वस्तरे, आणि कशाकडे जास्त लक्ष हे साखर कारखान्याला माहीत. साहेबाचा वस्तरा त्याने काशीदांकडे तीनदा मागितला होता.

"तिसऱ्यांदा मागितलाच नाही हो," तो म्हणाला. "जानेवारी वीसला वाईला गेलो, तेव्हा अमृतने पहिल्यांदाच हातात दिला. दर खंडेनवमीला चिंच लावून घासून घासून मानेवरची अक्षरं पार पुसली होती. तिरप्या उजेडात धरल्यावर दिसली. मेड इन इंग्लंड."

बाईंनी मान हलवली. "नुसतं इंग्लंड असतं तर नव्वदनंतरचा. मेड इन म्हणजे एकोणीसशे वीसच्या पुढचा."

"तेच म्हणालो त्याला. रेसिडेंट साहेब जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाल्यावर हा वस्तरा जन्मला. अमृत इतका हसला की घाटावर बसूनच राहिला. मग म्हणाला, आप्पांना सांगू नका."

"मूठ कशाची होती?"

"शिंगाची, पांढऱ्या रेघांची." बाईंनी पेटी उघडून दाखवली. ऋषिराजने नजर टाकून पेटी परत केली. "हा तो नाही."

म्हणजे बदलला होता, यात शंका उरली नाही. आम्ही गाडीत बसलो आणि बाईंनी उत्कर्षाला तिच्या मोबाइलमधले दर खंडेनवमीचे फोटो पाठवायला सांगितले. वीस सालच्या फोटोत हळदकुंकवाखाली पांढऱ्या रेघांची मूठ होती. एकवीस सालच्या फोटोत काळी. मधल्या वर्षात त्या घरात एकच गोष्ट घडली होती.

"सर," बाई म्हणाल्या, "गाडी वाईला घ्या."

४

गुंडाप्पा घाटाच्या पायरीवर बसले होते. खालच्या अंगाला कुणाचा तरी दहावा चालला होता. तीन भाऊ ओळीने बसले होते आणि एक तरुण न्हावी त्यांची डोकी उतरवत होता.

"अमृतच्या दहाव्याला मी हितंच बसलो," गुंडाप्पा म्हणाले. "घरचं क्षौर घरच्यानं करायचं न्हाई, परका न्हावी लागतो. टाळेबंदीत परका कुठनं आणायचा? पसरणीचा एक आला, तोंडाला फडकं बांधून. दोन जागी कापलं." त्यांनी टाळूवरून हात फिरवला. "बोला बाई. आडनाव काय म्हणाला तुमी?"

"वाघमारे."

त्यांनी मान डोलावली. वाईसारख्या गावात आडनावावरून बरंच कळतं, आणि ते कळल्याचं दोघांनाही कळतं.

"आमच्या बापानं तुमच्या आळीत कवा हत्यार न्हेलं न्हाई," ते हळू म्हणाले.

"माहीत आहे. आमच्या आज्याची दाढी गावात कुणी करेना, म्हणून त्याने पलटणीतून येताना स्वतःचा वस्तरा आणला. माझ्याकडे आहे. मी तारीख काढलेला पहिला वस्तरा तो." बाई खालच्या पायरीवर टेकल्या. "आप्पा, मी आज दुसऱ्या वस्तऱ्याबद्दल आलेय. मी सांगते, चुकलं तर थांबवा."

त्यांनी थांबवलं नाही.

"पेटीत वस्तरा ठेवणारा चोर असता तर त्याने मिळता-जुळता, शिंगाच्या मुठीचा ठेवला असता. ऋषिराजकडे तसे दहा आहेत. इथे पेटीत आहे तुमचा रोजचा, टोक गोल केलेला. तुमचा रोजचा वस्तरा चार वर्षं जागेवर नाही आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, माझा वस्तरा कुठाय. साठ वर्षं वापरलेलं हत्यार हरवलं तर न्हावी दुकान उलटंपालटं करतो. खंडेनवमीला पेटी तुम्हीच उघडता, म्हणजे तो काळा वस्तरा तुम्ही दरवर्षी पाहिलात आणि त्याला हळदकुंकू वाहिलंत. तुमचा हात कापत नाही. तुम्ही दाढी सोडली, कारण रोजचा वस्तरा पेटीत होता आणि दुसऱ्याने दाढी केली असती तर रोजचा कुठाय हे घरात कुणीतरी विचारलं असतं."

खाली पहिल्या भावाचं डोकं पूर्ण झालं. दुसरा पुढे सरकला.

"एक तेवढं मला काढता आलं नाही," बाई म्हणाल्या. "साहेबाचा कुठे गेला?"

गुंडाप्पा पाण्याकडे बघत बोलले.

"दवाखान्यात न्हेल्याच्या सतराव्या दिशी पोराचा व्हिडिओ कॉल आला. दाढी ही एवढी वाढलेली. मला म्हणतो, 'आप्पा, न्हाव्याचं पोरगं आन् बघा माझी दशा. तुमी या की. आन् आता तरी साहेबाच्या वस्तऱ्यानं करा.' ल्हानपणापास्नं मागं लागायचा. 'एकदा त्यानं करा, एकदा करा.' मी म्हणायचो, त्यो पूजेचा हाय, माणसासाठी न्हाई." त्यांनी जरा श्वास घेतला. "रेश्मानं पेटी उघडली. आमी दोघं साताऱ्याला ग्येलो गाडीवरनं. आत कोण सोडतंय? गेटापाशी पाच तास हुबा हुतो. मग वॉर्डातला बिराप्पा म्हणून पोरगा हुता, त्याच्या पाया पडलो. त्यो म्हणाला, द्या हिकडं, मी करतो. वस्तरा त्याच्या हातात दिला. सांगितलं, तिरपा धर, गालाची कातडी वर ओढ, गळ्याला उलटा फिरवू नगो. पाटंला फोन आला."

"आणि वस्तरा?"

"आत ग्येलेली वस्तू भाईर येत न्हवती. समदं जाळायचे."

"मनुबाईंना..."

"ती तवा सोताच आजारी. शुद्धीवर आली तशी पयलं इचारलं, 'त्याला कुणी हात तरी लावला का?' रेश्माच म्हणाली, 'मामांनी आत जाऊन दाढी केली.' मी गप बसलो. दुसऱ्या दिशी माझा वस्तरा पेटीत ठेवला." ते बाईंकडे वळले. पांढऱ्या दाढीत पाणी उतरलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "आता पोरीवर चोरीचा आळ आलाय. परवा मी खरं बोलाय उठलो तर माजघरात तिनं माझं पाय धरलं. म्हणाली, 'मामा, आत्यांकडं तेवढंच हाय. मला चोर म्हटलं तर म्हणू दे.' काय करू, बाई? एकीचं खरं ठेवावं तर दुसरी मरती."

खाली तिसऱ्या भावाने डोकं पुढे केलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे जमले. उत्कर्षा सांगलीहून आली होती. रेश्मा दाराशी, गुंडाप्पा खुर्चीत. मनुबाई पाटावर, हात कनवटीला.

मला एवढंच ठाऊक होतं, की तेहेतीस वर्षांत बाईंनी एका विद्यार्थ्यालाही वरचे दोन मार्क दिले नव्हते, आणि आज त्या काय करणार हे त्यांनी मला गाडीत सांगितलं नव्हतं.

त्यांनी पेटी मनुबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"हा वस्तरा या घरातलाच आहे," बाई म्हणाल्या. "बाहेरून आणलेला नाही. याचं टोक गुंडाप्पांनी चौऱ्याहत्तर साली सहाणेवर गोल केलंय. प्रशांतने ओळखला, हवं तर त्याला विचारा. तुमच्या सुनेने काही विकलेलं नाही."

"आन् साहेबाचा?"

"साहेबाने दिलेला वस्तरा या घरात कधीच नव्हता. ती गोष्ट चुकीची आहे. अठराशे चव्वेचाळीसचा वस्तरा इथे आलाच नाही. मी हे लिहून देते."

मी मनात एकेक वाक्य तपासत होतो. एकही खोटं नव्हतं. मला वाटतं, पोलाद खोटं बोलत नाही म्हणतात ते असं.

मनुबाईंच्या चेहऱ्यावर राग आला. ते साहजिक होतं. चार पिढ्या ज्या साहेबाच्या जोरावर भावकीत मान वर करून वागल्या तो साहेब एका निवृत्त बाईने दोन वाक्यांत परत पाठवला होता.

"माझ्या सासऱ्यानं खोटं सांगितलं?"

"त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल."

मनुबाईंनी पेटीतला वस्तरा उचलला. तो त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतला असावा, पुरुषांचं हत्यार. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या छातीवर उतरलेल्या दाढीकडे. बराच वेळ.

"आवं," त्या म्हणाल्या, "अमृतची शेवटची दाढी ह्यानंच केलीती नव्हं तुमी?"

रेश्माने दाराची चौकट धरली.

गुंडाप्पांनी वस्तऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातून अमृतची शेवटची दाढी झाली ती ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच्या सोमवारी, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पोराला ताप होता, तरी खुर्चीत बसला होता.

"ह्यानंच," ते म्हणाले.

"मंग ह्योच पूजेचा," मनुबाई म्हणाल्या. "साहेब ग्येला खड्ड्यात."

त्यांनी वस्तरा पदराने पुसून पेटीत ठेवला. कनवटीची चावी काढली आणि सुनेकडे न बघता तिच्या दिशेने धरली.

"धर. गिऱ्हाईक कवाचं बसलंय भाईर." रेश्मा चावी घेऊन वळली तेव्हा मागून म्हणाल्या, "आन् पयलं ह्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसीव. तोंड दिसू दे त्याचं."

थोड्या वेळाने शटर वर गेल्याचा आवाज आला. गुंडाप्पांनी डोळे मिटून मान मागे टाकली होती आणि रेश्मा त्यांच्या दाढीला साबण लावत होती. मनुबाई दुकानात सहसा येत नसत. आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आरशातूनच सुनेला म्हणाल्या, "गेटापाशी ऊन लागलं आसंल न्हाई त्या दिशी?"

रेश्माचा हात थांबला.

"सावली होती, आत्या," ती म्हणाली.

"बरं झालं," मनुबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या.

आम्ही चहा न घेता निघालो.

६

खरं तर इथे संपायला हवं. पण बाईंच्या वहीत प्रत्येक वस्तऱ्याची शेवटची नोंद लागते: तो कुठे आहे, किंवा कसा नष्ट झाला. म्हणून परतीच्या वाटेवर साताऱ्यात थांबलो. कोविडचं सेंटर केव्हाच बंद झालं होतं. बिराप्पा आता एका लॅबोरेटरीत रक्ताचे नमुने इकडून तिकडे नेतो. जतकडचा माणूस, बोलायला हळू.

"काशीद? पंचवीस नंबरचा बेड," तो म्हणाला. "आठवतंय की. त्यांचा बाप गेटावर होता."

"वस्तऱ्याचं काय झालं?"

"पिवळ्या पिशवीत टाकला, मॅडम. नियम होता. पिशव्या भट्टीला जायच्या."

"दाढी नीट झाली?"

बिराप्पा जरा अवघडला.

"म्हाताऱ्याला सांगणार न्हाई न्हवं? त्या वस्तऱ्यानं मी केलीच न्हाई. असलं कधी धरलं न्हवतं हातात. उघडला तर हातात तीन-तीन ग्लोव्हज्, सटकायला लागला. खाली मेडिकलमधनं वापरून टाकायचा रेझर आणला, त्यानं केली. वस्तरा त्यांच्या उशाशी ठेवला. ते बघत होते त्याच्याकडं."

"काही म्हणाले?"

"गार वाटलं म्हणाले."

बाई गाडीत बसल्या, वही उघडली. मी गाडी सुरू केली नाही. मग त्यांनी साहेबाच्या वस्तऱ्यासमोर 'नष्ट' असं लिहिलं, खाली एक ओळ सोडली आणि नवीन नोंद घातली.

प्लास्टिकची मूठ, निळी. दोन पाती. दोन हजार एकवीस. तारखेबद्दल शंका नाही.